घर नसलेल्यांचें घर

‘हॉटेल’ हा शब्द कानीं पडतांच आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें चहाचे पेले, भज्यांची बशी आणि गल्ल्यावर बसलेला मालक एवढेंच चित्र उभें राहतें. कोणी अधिक प्रवास केलेला असल्यास त्याला परगांवीं चार रात्री उतरण्याची जागा आठवेल. परंतु ज्या हॉटेलांत माणूस तारुण्यांत एक पेटी घेऊन शिरतो, आणि तीस-चाळीस वर्षांनीं ज्याच्या जिन्यावरून त्याचें प्रेतच खालीं उतरतें, असलें हॉटेल आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या ऐकण्यांत असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरांत, तेथील प्रसिद्ध चिनी वस्तीच्या पूर्वेकडील कडेला, असें एक हॉटेल होतें. त्याचें नांव ‘इंटरनॅशनल हॉटेल’. जवळचे लोक त्याला नुसतें ‘आय-हॉटेल’ म्हणत. त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. ती दिसावयास एका इमारतीची हकीकत आहे. परंतु घर म्हणजे काय, आणि तें खरोखर कोणाचें, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे.

अमेरिकेंतील बंदरांच्या व कारखान्यांच्या गांवीं अशा बिऱ्हाडी हॉटेलांचा मोठा प्रघात होता. रस्त्याच्या बाजूस खालीं दुकानें. दुकानांच्या मधून वर जाणारा एक जिना. वर लांब बोळ, आणि बोळाच्या दोहों बाजूंस ओळीनें लहान-लहान खोल्या. एका खोलींत बहुधा एकच माणूस. एक पलंग, एक खुर्ची, कपडे ठेवण्यापुरतें कपाट, हा तेथील संसार. न्हाणीघर व संडास सर्वांस मिळून. भाडें आठवड्याचें किंवा महिन्याचें. ज्यांनीं मुंबईची चाळ पाहिली आहे त्यांस हें वर्णन परकें वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, चाळींतील खोलींत माणसें मावत नाहींत म्हणून आपण हळहळतों. तेथें खोलीगणिक एकच एकटा पुरुष राही.

इंटरनॅशनल हॉटेलाचा जन्म थाटांत झाला होता. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची हूल उठून जगांतील लोक तिकडे धांवत होते, त्या धामधुमींत १८५४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक्सन रस्त्यावर तें उघडलें, आणि त्या काळीं श्रीमंत प्रवाशांची ती ऐषआरामाची जागा होती. १८७३ सालीं तें जवळच केअर्नी रस्त्यावर हलविण्यांत आलें. पुढें १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे भूकंप झाला. भूकंपामागोमाग आग लागली, आणि शहराचा फार मोठा भाग भस्मसात् झाला. त्यांत हें हॉटेलही गेलें. चिनी वस्तीही पार जळाली. ही संधि साधून शहरांतील कांहीं वजनदार मंडळींनीं असा बेत केला कीं, मध्यवर्ती मोक्याची ही जागा चिन्यांस परत न देतां त्यांस शहराच्या दूरच्या टोंकाला नेऊन बसवावें. परंतु चिनी व्यापाऱ्यांनीं व चीनच्या सरकारनें कडक विरोध केला. व्यापाऱ्यांनीं तर राखेचा ढीग निवण्यापूर्वींच बांधकामास हात घातला. वस्ती जाग्यावर राहिली. १९०७ सालीं इंटरनॅशनल हॉटेलही केअर्नी रस्त्यावर पुन्हां उभें राहिलें. विटांचें, तीन मजली, परंतु आतां श्रीमंतांसाठीं नव्हे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जी वस्ती एकदां उठविली जाण्याच्या बेतांत होती, तिच्याच कांठावरील ही वास्तु होय.

तेथें राहणारे हे एकटे पुरुष कोण, आणि ते एकटे कां, हें सांगितल्याखेरीज पुढील कथा समजावयाची नाहीं. आपल्याकडेही गिरणगांवांतील कामकरी एका खोलींत वीस-वीस जण पाळीपाळीनें निजत, खानावळवाल्या बाईकडे जेवत, आणि कोंकणांत किंवा घाटावर घरीं मनिऑर्डर धाडीत. परंतु त्यांच्या व त्यांच्या घराच्या मध्यें असे तें अंतर. सणावारीं बोट किंवा गाडी धरली कीं तें तुटे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या पुरुषांच्या आणि संसाराच्या मध्यें कायदा उभा होता.

चिनी मजूर अमेरिकेंत आले ते खाणींत राबावयास आणि रेल्वेचे डोंगर फोडावयास. काम सरतांच ते नकोसे झाले. १८७५ च्या एका कायद्यानें चिनी स्त्रियांस तेथें येणें जवळजवळ अशक्य करून टाकलें, आणि १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस प्रवेशबंदी झाली. जे आंत होते ते आंतच अडकले. बायकामुलें समुद्रापलीकडे राहिलीं. १९०६ च्या आगींत शहराचीं जन्मनोंदणीचीं दप्तरें जळालीं, तेव्हां पुष्कळांनीं आपण येथेंच जन्मलों असें सांगून नागरिकत्व मिळविलें, आणि त्या आधारावर मायदेशांतून मुलगे आणले. कांहीं खरे, कांहीं केवळ कागदावरचे, दुसऱ्याच घरचे. ज्यांस खरें कुटुंब करूं दिलें नाहीं, त्यांनीं कागदावर कुटुंब उभारलें. ही बंदी १९४३ पर्यंत चालली, आणि उठली तेव्हांही वर्षाला अवघ्या १०५ चिन्यांस प्रवेश मिळूं लागला.

चिन्यांमागून फिलिपिनो आले. १८९८ च्या युद्धानंतर फिलिपाइन्स बेटें स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यांत गेलीं, त्यामुळें तेथील लोकांस अमेरिकेंत येण्यास मज्जाव नव्हता. मात्र ते नागरिकही गणले जात नसत. हे बहुतेक सर्व तरुण, अविवाहित पुरुष होते. उन्हाळ्यांत अलास्कांत जाऊन सामन माशांचे डबे भरावे, मग कॅलिफोर्नियाच्या शेतांतून भाजी तोडावी व द्राक्षें उतरावीं, आणि हंगाम संपला कीं शहरांत येऊन दुसऱ्याच्या घरीं भांडीं घासावीं किंवा स्वयंपाक करावा, असें त्यांचें वर्षाचें चक्र असे. त्या चक्राचा मुक्काम म्हणजे केअर्नी रस्ता. चिनी वस्तीला लागून त्यांची जी लहानशी वस्ती झाली, तिला ‘मनिलाटाऊन’ असें नांव पडलें. कॅलिफोर्नियांत गोऱ्या स्त्रीशीं विवाह करण्याची बंदी १९३३ सालीं फिलिपिनोंसही स्पष्टपणें लागू करण्यांत आली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती १९४८ सालीं रद्द ठरविली. १९३४ सालीं नव्या फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला ५० वर आणून ठेवला. लग्नाचें वय असतां लग्न करूं दिलें नाहीं. आणि बंदी उठली तेव्हां वय निघून गेलें होतें.

हा इतिहास आपल्याला अगदींच परका नाहीं. हिंदी मनुष्यास अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शकत नाहीं असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं दिला होता. तो अडसर दूर झाला १९४६ सालीं. आणि ज्या एका कायद्यानें हिंदी लोकांस हा हक्क दिला, त्याच कायद्यानें तो फिलिपिनोंसही दिला. आज आपल्या घरोघरींचीं मुलें कॅलिफोर्नियांत नांदत आहेत. त्यांच्या वाटेवरील एक दार या हॉटेलांतील माणसांच्या बरोबरच उघडलें, याची आठवण आम्हांस ठेवावीशी वाटते.

आतां हॉटेलाच्या आंत येऊं. १९६० च्या सुमारास तेथील बहुतेक रहिवासी म्हातारे झाले होते. फिलिपिनो अधिक, त्यांच्या खालोखाल चिनी. भाडें महिन्याला पन्नास डॉलरांच्या आंत. इमारत जीर्ण, रंग उडालेला. परंतु जिना उतरतांच खालीं आपल्या भाषेचा न्हावी होता, बिलिअर्ड खेळावयाची जागा होती, आपल्या चवीचें जेवण मिळत होतें, आणि चार पावलांवर चिनी वस्तीचा बाजार होता. म्हाताऱ्या माणसाला आयुष्याच्या शेवटीं लागतें तरी काय? ओळखीचा रस्ता, ओळखीचें तोंड, आणि एखादे दिवशीं आपण खोलीबाहेर न आल्यास दार ठोठावून विचारणारें कोणीतरी. हें सर्व त्या बोळांत होतें. धाकट्यांनीं या वृद्धांस ‘मनोंग’ अशी हांक मारावी असा तेथील रिवाज होता. इलोकानो भाषेंतील या शब्दाचा अर्थ ‘थोरला भाऊ’. म्हणजे ज्यांच्या नशिबीं भाऊबंद राहिले नव्हते ते एकमेकांचे भाऊबंद झाले. रक्ताचें नातें नसलेलें हें एक प्रकारचें एकत्र कुटुंबच होय.

परंतु शहर बदलत होतें. केअर्नी रस्त्याच्या पूर्वेस पेढ्यांचा व कचेऱ्यांचा भाग होता, आणि तो गगनचुंबी इमारतींच्या रूपानें पश्चिमेकडे सरकत येत होता. हॉटेलापासून हांकेच्या अंतरावर ४८ मजल्यांची एक टोकदार इमारत १९७२ सालीं पुरी झाली. आज तीच त्या शहराची खूण म्हणून चित्रांत दिसते. जमिनीचें मोल चढूं लागलें, तसें मनिलाटाऊन एकेक इमारतीनें नाहींसें होऊं लागलें. शेवटीं १९६८ च्या अखेरीस इंटरनॅशनल हॉटेलाच्या मालकीच्या कंपनीनें सुमारें दोनशें रहिवाशांस जागा सोडण्याच्या नोटिसा दिल्या. तेथें मोटारगाड्या उभ्या करण्याचा तळ करावयाचा होता.

म्हातारे मुकाट्यानें निघून जातील असा सर्वांचा अंदाज होता. तो चुकला. रहिवाशांनीं सभा भरविल्या, मोर्चे काढले, आणि मालकाशीं वाटाघाटी चालविल्या. करार होण्याच्या बेतांत असतांच मार्च १९६९ मध्यें इमारतीला आग लागली आणि तीन रहिवासी मृत्यु पावले. तरीही लोकमताच्या दडपणानें मालकास तीन वर्षांचा भाडेपट्टा करून द्यावा लागला. याच वेळीं एक अनपेक्षित गोष्ट घडली. सॅन फ्रान्सिस्को व बर्कले येथील महाविद्यालयांतून आशियाई वंशाच्या तरुण मुलामुलींची चळवळ जोरांत होती; आमचा इतिहास आम्हांस शिकवा, अशी त्यांची मागणी होती. तीं मुलें या हॉटेलांत आलीं आणि त्यांस तो इतिहास पलंगावर बसलेला आढळला. त्यांनीं भिंती रंगविल्या, नळ दुरुस्त केले, जळका भाग सावरला. तळमजल्यावर चित्रें छापण्याची कर्मशाळा, पुस्तकांचें दुकान, वृद्धांची बैठक अशा संस्था निघाल्या. ज्यांस नातवंडें नव्हतीं त्यांस नातवंडें मिळालीं. आणि ज्या मुलांस आजोबांची भाषा ठाऊक नव्हती त्यांस आजोबा मिळाले. अल् रॉब्लेस नांवाच्या फिलिपिनो कवीनें या मनोंगांच्या गोष्टी ऐकून त्या आपल्या कवितेंत जपल्या, हा त्या सहवासाचाच लाभ होय.

१९७३ सालीं मूळ कंपनीनें ती मालमत्ता एका परदेशी भांडवलाच्या कंपनीस विकली. नव्या मालकास इमारत पाडावयाची होती, आणि त्यानें न्यायालयाची वाट धरली. दावे चालले, तहकुबी मिळाल्या, अपिलें झालीं. परंतु कायदा मालकाच्या बाजूचा होता. शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनीं इमारत सार्वजनिक कार्यासाठीं ताब्यांत घेऊन पुढें ती रहिवाशांकडेच सोंपविण्याची योजना मांडली. न्यायालयानें ती मान्य केली नाहीं. जागा खालीं करून घेण्याचा हुकूम बजावण्याचें काम तेथें शेरीफ या लोकनियुक्त अधिकाऱ्याकडे असतें. रिचर्ड हाँगिस्टो हे त्या वेळचे शेरीफ. त्यांनीं तो हुकूम बजावण्याचें नाकारलें, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल १९७७ सालीं पांच दिवसांची कैद भोगली. त्याच वर्षीं या वास्तूचें नांव अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादींत दाखल झालें. विटांस मान मिळाला. आंतील माणसांस अभय मिळालें नाहीं.

४ ऑगस्ट १९७७. रात्रीचे सुमारें तीन वाजले होते. हुकूम बजावला जाणार ही वार्ता फुटली होती, आणि दोन-तीन हजार माणसें हातांत हात गुंफून इमारतीभोंवतीं उभीं होतीं. कोणाच्या हातीं शस्त्र नव्हतें. शेंकडों पोलिस आले. कांहीं घोड्यांवर होते. लोकांची सांखळी दंडुक्यांनीं व घोड्यांनीं मोडली. आगीच्या बंबाच्या शिड्या लावून पोलिस गच्चीवर चढले. आंत बोळांत स्वयंसेवक दाटीनें बसले होते. त्यांस एकेक करून बाहेर काढलें. मग खोल्यांचीं दारें फोडण्यास आरंभ झाला. जो शेरीफ पूर्वीं कैदेंत गेला होता तोच त्या रात्रीं मोठा हातोडा घेऊन दार फोडीत होता. त्याचें तें छायाचित्र पुढें सर्वत्र प्रसिद्ध झालें. त्याच्या ठिकाणीं आपण असतों तर काय केलें असतें, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारून पाहिला. उत्तर सोपें नाहीं. उजाडण्याच्या सुमारास उरलेले पन्नासएक रहिवासी, बहुतेक म्हातारे, कोणी काठी टेकीत, कोणी मुलांच्या आधारानें, रस्त्यावर आले. चाळीस वर्षांचें बिऱ्हाड कांहीं तासांत संपलें.

१९७९ सालीं इमारत जमीनदोस्त झाली. परंतु तिच्या जागीं कांहींच उठलें नाहीं. जुन्या रहिवाशांचे पाठीराखे स्वस्थ बसले नव्हते. येथें बांधावयाचें तर गरिबांच्या राहण्याची सोय त्यांत असलीच पाहिजे, हा हट्ट नागरिकांच्या एका समितीनें वर्षानुवर्षें चालविला. भर शहरांतील त्या मोलाच्या जागीं वीस वर्षांहून अधिक काळ नुसता खड्डा होता. याच आंदोलनाचा धडा घेऊन १९८१ सालीं शहरानें बिऱ्हाडी हॉटेलांविषयीं कायदा केला: अशा खोल्या मोडावयाच्या किंवा त्यांचा उपयोग बदलावयाचा तर त्यांच्या मोबदल्यांत तितक्याच राहण्याच्या खोल्यांची भरपाई करावी लागते. चिनी वस्तींत आजही अशीं पुष्कळ हॉटेलें उभीं आहेत. त्यांत वृद्ध राहतात, आणि एका खोलींत नवरा-बायको-मुलें असे नवागत संसारही राहतात. तीं उभीं राहण्यांत या पडलेल्या हॉटेलाचा वाटा आहे.

शेवटीं ती जागा तेथील रोमन कॅथलिक धर्मपीठाकडे आली, चिनी वस्तींतील लोकसंस्थांनीं व सरकारनें हात दिला, आणि ऑगस्ट २००५ मध्यें नवें इंटरनॅशनल हॉटेल उघडलें. त्यांत कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीं १०४ बिऱ्हाडें आहेत, आणि तळमजल्यावर मनिलाटाऊनची स्मृति जपणारें केंद्र आहे. काढून देण्यास एक रात्र पुरली. परत येण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं. आणि परत आले ते दुसरेच. ज्यांस त्या रात्रीं बाहेर काढलें त्यांपैकीं बहुतेक सर्व तोंपर्यंत जग सोडून गेले होते.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, मालकानें काय करावें? त्यानें पैसे मोजून जागा घेतली; जन्मभर दुसऱ्यांस सांभाळण्याचा त्यानें मक्ता घेतला आहे काय? हा आक्षेप खोटा नाहीं. आमच्या वाचकांत वाड्यांचे मालक आहेत, आणि वाड्यांत तीन पिढ्या राहिलेले भाडेकरूही आहेत. पुण्याच्या पेठांतून गेल्या कित्येक वर्षांत किती वाडे उतरले आणि त्यांच्या जागीं किती मजल्यांच्या इमारती उठल्या हें आपण डोळ्यांनीं पाहत आहों. जुनी वास्तु तशीच ठेवावी असें आम्ही म्हणत नाहीं. गळकें छप्पर व मोडका जिना यांत कांहीं पुण्य नाहीं. भाडें येईना आणि डागडुजी सुटेना अशा पेंचांत मालकही सांपडलेला असतो, हें आम्ही जाणतों.

परंतु हिशेब करावयाचा तर तो पुरा करावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. वाड्याच्या जिन्याखालच्या खोलींत एखादी एकटी म्हातारी राहत असते. तिचा करारनामा हरवलेला असतो. तिच्या बाजूनें बोलावयास मुलगा नसतो. आणि तिला मिळणारी रक्कम कागदोपत्रीं अगदीं रास्त असते. त्या रकमेंत कोपऱ्यावरचा वाणी येत नाहीं, देवळाची सवयीची वाट येत नाहीं, सकाळीं दार उघडलें नाहीं तर ‘काय हो काकू, बरें आहे ना?’ म्हणून विचारणारी शेजारीण येत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपणांस ही शेजारीण फुकट मिळते. म्हणून तिचें मोल आपणांस कळत नाहीं. केअर्नी रस्त्यावरील त्या म्हाताऱ्यांस तें पुरें कळलें होतें, कारण त्यांनीं तें एकेक दार ठोठावून जोडलें होतें. आपल्या वाड्याचा, आपल्या चाळीचा कागद सहीसाठीं पुढें येईल, तेव्हां जिन्याखालच्या खोलीचें काय, हा प्रश्न सही करण्यापूर्वीं कोणीतरी विचारावा. मागाहून विचारला तर उत्तरास अठ्ठावीस वर्षें लागतात.